तीन रात्री, एक शहर

डँडेनॉन्ग, मेलबर्न, गुरुवार, ९ जुलै २०२०

ही वही मिल्ड्रेडने, माझ्या बायकोने, दिली. डॉक्टर म्हणाला म्हणे, मन जड वाटत असेल तर रोज चार ओळी लिहायला सांगा. माझं मन जड वगैरे काही नाही. दुपारी बारापर्यंत झोपतो, एवढंच. बावीस वर्षं सकाळी साडेआठच्या ठोक्याला फॉस्टर स्ट्रीटवरच्या ट्रॅव्हल एजन्सीत खुर्चीवर बसलेल्या माणसाने थोडी झोप वसूल केली, तर त्यात डॉक्टरपर्यंत जाण्यासारखं काय आहे?

कालपासून मेलबर्न पुन्हा बंद झालं. त्याआधीच शनिवारी विश्रामचा, म्हणजे आमच्या मालकाचा, फोन आला होता. दुकानाची किल्ली परत करून टाकली म्हणाला. "कॉसमस, जग उघडलं की पहिला फोन तुला." मी म्हटलं, नो वरीज. बिचारा रडायच्या बेतात होता, मलाच त्याची समजूत काढावी लागली. त्यानंतर दाढी करायचं राहून गेलं, कारण जायचंच कुठे आहे?

मिल्ड्रेड हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे, तिला रोज जावं लागतं. घरात मी एकटा. चार ओळी झाल्या.

रविवार, १२ जुलै

सकाळी मिल्ड्रेड घरातल्या लाँड्रीत दार लावून फोनवर बोलत होती. वॉशिंग मशीन चालू. नंतर उघडून पाहतो तर आत एकही कपडा नाही! रिकामं मशीन फिरवतात का कोणी? विचारलं तर म्हणाली, "साफ करत होते ते." असेल.

संध्याकाळी सहाला लिझाचा व्हिडिओ कॉल. लिझा आमची एकुलती एक. बेल्जियममध्ये, गेंटला पीएचडी करते, पाण्यातल्या शेवाळावर. दोन वर्षं झाली, दोन राहिली. म्हणाली, "पप्पा, आय अ‍ॅम सो लो. लॅब अर्धवट बंद आहे. कधी कधी वाटतं सगळं सोडून घरी यावं."

यायचं म्हटलं तरी येणार कशी? परत येणाऱ्यांची रांग केवढी आहे, तिकिटं कशी रद्द होताहेत, ते माझ्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक? आणि आम्हाला तर देशाबाहेर पाऊल टाकायचीच बंदी. पोरगी तिकडे खचली तर इथून हात तरी कसा देणार?

"इकडे युरोपात बॉर्डर्स उघडल्यात," ती म्हणाली, "बट आय कान्ट प्लॅन एनिथिंग. डोकंच चालत नाही. तुम्ही मला एखादी छोटीशी ट्रिप आखून द्याल? दोन-तीन दिवसांची, स्वस्तातली. प्लीज."

हीच मुलगी युनिव्हर्सिटीत असताना एकटी सहा आठवडे पेरू-बोलिव्हिया फिरून आली होती. आम्हाला साधं विचारलंही नव्हतं. माणूस खचला की त्याची काय अवस्था होते, बघा. गालाला पीठ लागलेलं, बहुतेक केक करत होती. तेवढ्यापुरती तरी तिने उभारी धरली म्हणायची.

फोन ठेवला आणि गॅरेजमध्ये जाऊन जुने नकाशे काढले. दाढीही केली, विचार करताना गाल खाजतात. मिल्ड्रेडने फ्रिजवरच्या चर्चच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेला लाल पेनने चांदणी काढली. कचऱ्याचे बिन बाहेर ठेवायची आठवण असावी.

गुरुवार, १६ जुलै

प्लॅन तयार, अकरा पानं. शहर आखेन. गेंटहून ट्रेनने तीन तासांवर, बॉर्डर ओलांडली की जर्मनी.

मला या कामाचा अनुभव आजचा नाही. वसईला असताना बारा वर्षं आमच्या चर्चची वेलंकणीच्या यात्रेची ट्रिप मीच न्यायचो. चोपन्न माणसं, दोन दिवसांची रेल्वे, फुग्यांचे, म्हणजे आमच्याकडच्या तळलेल्या गोल पावांचे, डबे, सुक्या बोंबलाची चटणी, सगळं माझ्या वहीत. एकदाच चूक झाली. अराक्कोणम स्टेशनवर फिलोमेनामावशी केळी घ्यायला उतरली आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी मागच्या गाडीने आली, केळ्यांसकट. मला एकही केळं दिलं नाही तिने! तेव्हापासून प्रत्येक थांब्यावर डोकी मोजल्याशिवाय मी ट्रिप हलवलेली नाही. लिझालाही सांगून ठेवलंय, पोचलीस की हेडकाऊंट कळवायचा. ती म्हणाली, "पप्पा, मी एकटीच आहे." मी म्हटलं, एक तर एक. आकडा आला पाहिजे.

रविवार ते मंगळवार ठेवलंय, कारण रविवारची रात्र हॉटेलं स्वस्त देतात. एवढी अक्कल बावीस वर्षांत आलीच. पहाटे पावणेपाचला उठणं, रविवारी दुपारी पोचताच खाण्याची खरेदी, सोमवारी पाच म्युझियम्स, सतरा ठिकाणं. एवढ्या लांब जातेच आहे तर मंगळवारी परतताना वाटेत कोलोनही बसवलंय. कोलोन वाटेत नाही, उलट्या दिशेला आहे, पण बसतं.

सोमवार, २० जुलै

फज्जा उडाला.

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. सगळीच! आणि सोमवारी म्युझियम्स बंद. मी इथे डँडेनॉन्गला रविवारी भाजी, मासळी, मोबाईलचं कव्हर, सगळं आणतो, त्यामुळे रविवार म्हणजे बाजार हे डोक्यात पक्कं बसलेलं. ज्या माणसाने शेकडो लोकांना सतरा दिवसांत नऊ देश दाखवले, त्याला हे कळू नये? पण त्या टूर्समध्ये जेवण बसवाला बघायचा, मी फक्त तिकिटं काढायचो. हे आज कळलं. पोरीने रात्री स्टेशनवरच्या टपरीतलं कोरडं सँडविच खाल्लं. आधीच खचलेली, त्यात मी तिला उपाशी ठेवलं.

सकाळी हे समजल्यावर परत अंथरुणात शिरलो ते रात्रीपर्यंत. मिल्ड्रेडने चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

रात्री दहाला लिझाचा फोन. मी घेणार नव्हतो, मिल्ड्रेडने कानालाच लावला. लिझा हसत होती! "पप्पा, आय सॉ सेव्हन्टीन क्लोज्ड डोअर्स. मग कॅथेड्रलमध्ये जाऊन बसले. एक तास, नुसती बसले. इतकं छान मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं." मग आवाज एकदम बदलून म्हणाली, "बट यू हॅव टु फिक्स द प्लॅन. तुम्ही नाही केलंत तर मी परत कुठे जाणार नाही, सांगून ठेवते."

उठलो, तोंड धुतलं आणि अकराही पानं फाडली. नवा नियम लिहिला: तीन रात्री, एक शहर. रोज दोनच गोष्टी बघायच्या. आणि एक बाक, जिथे तासभर नुसतं बसायचं.

कॅलेंडरवर आज अर्धीच चांदणी आहे. पेन संपलं असावं.

शनिवार, २२ ऑगस्ट

लिझा नेदरलँड्समध्ये, मास्ट्रिक्टला पोचली. हेडकाऊंट: १. या वेळी माझ्या प्लॅनमध्ये बोट ठेवायला जागा नाही. शुक्रवार ते सोमवार. हॉटेल नदीपलीकडे स्टेशनच्या बाजूला, तिकडे स्वस्त पडतं आणि बॅग ओढावी लागत नाही. दुपारचं जेवण मोठं, संध्याकाळी बाजारातलं पाव-चीज. पुस्तकाचं दुकान एका जुन्या चर्चमध्ये आहे, ते शनिवारी सकाळी, गर्दी व्हायच्या आत.

आम्हाला इथे घरापासून पाच किलोमीटर आणि दिवसाला एक तास, एवढीच मोकळीक. तो तास मी वाया घालवत नाही. लिझाचा प्लॅन मी डँडेनॉन्ग क्रीकवर, म्हणजे इथल्या ओढ्याकाठी, चालून तपासतो. स्टेशन ते नदी बारा मिनिटं म्हणजे आमचं गेट ते खेळाचं मैदान. क्रीकवरचा लाकडी पूल म्हणजे त्यांचा दगडी पूल. पाय दुखले की समजायचं, इथे तिचा बाक हवा. आज पुलावर उभा राहून घड्याळ बघत होतो तर शेजारची चित्रा मास्क लावून समोरून आली. "कॉसमस, काय पुटपुटतोयस?"

"मी आत्ता मास्ट्रिक्टमध्ये आहे," मी म्हटलं. "उजवीकडे वळलं की पुस्तकाचं दुकान."

ती दोन पावलं मागे सरली. नियम दीड मीटरचा आहे, तिने तीन ठेवले.

महिनाभर रोज चालतोय. मिल्ड्रेडच्या चांदण्याही हल्ली फार वाढल्यात. आमच्याकडे कचऱ्याची गाडी मंगळवारी येते, पण तिने बुध, गुरू, शनी, सगळीकडे काढून ठेवल्यात. हॉस्पिटलमध्ये फार काम पडतंय, त्यामुळे वार विसरत असेल. मंगळवारी गुपचूप बिन नेऊन ठेवतो.

बुधवार, २८ ऑक्टोबर

मेलबर्न काल मध्यरात्री उघडलं आणि बेल्जियम बंद व्हायला लागलं. आमचं आणि त्यांचं कधी जमायचंच नाही.

पण लिझाच्या लॅबमधली पोरं आता माझे प्लॅन मागताहेत. एक कोरियन, दोन पोर्तुगीज, एक नागपूरची नीरजा. सगळी घरी जाता न येणारी. त्यांच्यासाठी आठ शहरांचे प्लॅन केले, उघडेल तेव्हा जातील. नीरजा मला फोनवर 'काका, तुम्ही ग्रेट आहात' म्हणाली. तिला वांगी कुठे मिळतील तेही प्लॅनमध्ये घातलं होतं.

गुरुवार, १८ फेब्रुवारी २०२१

बरेच दिवस लिहिलं नाही. आज लिहायला हवं.

जानेवारीच्या शेवटापासून बेल्जियममधून बाहेर फिरायला जायची बंदी आहे. लिझाने नऊ दिवस फोन उचलला नाही, नुसता मेसेज, बिझी. काल राखेचा बुधवार. चर्चही पाच दिवसांच्या लॉकडाऊनमुळे बंद. मिल्ड्रेड कामावरून आली ती थेट लाँड्रीत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही म्हणून बघायला गेलो. फोन हातात, आणि ती भिंतीला टेकून उभी. या वेळी मशीन लावलं नव्हतं.

"तिला खरंच बरं नाही, कॉसमस," ती म्हणाली. "या वेळी खरंच."

या वेळी म्हणजे काय, गेल्या वेळी काय खोटं होतं? पण वाद घालायची ती वेळ नव्हती. मी स्वतः फोन लावला, चारदा लावला, तेव्हा उचलला. लिझाचा चेहरा पाहिला. गालावर पीठबीठ काही नाही. केस विंचरलेले नाहीत. खोलीत दिवस वर आला तरी पडदे ओढलेले. "आय अ‍ॅम डन, पप्पा," एवढंच म्हणाली. "पीएचडी सोडतेय म्हणून गाइडला मेल लिहून ठेवलाय. सोमवारी पाठवते."

मी तिच्याशी काहीबाही बोललो. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात बसून रडलो, लपवायचं काय त्यात? सतरा हजार किलोमीटर. वेलंकणीच्या गाडीत एक बाई मागे राहिली तर मी अराक्कोणमला तार केली होती, स्टेशनमास्तरला झोपेतून उठवलं होतं. इथे माझी स्वतःची मुलगी फलाटावर उभी आहे आणि मला साखळीसुद्धा ओढता येत नाही.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

सकाळी पाचलाच जाग आली आणि एकदम सुचलं.

देशाबाहेर जायला बंदी आहे. शहरात जायला कुठे आहे? हॉटेलं तर उघडी आहेत, आणि ओस पडल्यामुळे मातीमोल भावात. कालव्याकाठचं एक छोटं हॉटेल, तिच्या घरापासून सायकलने आठ मिनिटांवर, तीन रात्री बुक करून टाकलं. तिला प्लॅन पाठवला, एकच पान:

'शहर: गेंट. बॅग भरायची. घराला कुलूप लावून स्टेशनवर जायचं, फलाटावर पाच मिनिटं उभं राहायचं, आणि आत्ताच गाडीतून उतरल्यासारखं बाहेर यायचं. सायकल आणायची नाही. रोज जिथून घाईने जातेस तिथे पायी जायचं. दोनच गोष्टी आणि एक बाक. रविवारी दुकानं बंद असतील, शनिवारी पाव घेऊन ठेवणे. मेल पाठवायचाच तर ट्रिप संपल्यावर पाठव, मी अडवणार नाही. हेडकाऊंट कळवणे.'

तिचं उत्तर आलं नाही. दुपारी मिल्ड्रेड कामावरून लवकर आली. दोघं फोन मध्ये ठेवून बसलो. रात्रीचं जेवण करायचंही तिला सुचलं नाही, मीच अंडी उकडली.

शनिवार, २० फेब्रुवारी

संध्याकाळी सातला, म्हणजे त्यांच्या सकाळी नऊला, मेसेज आला. स्टेशनच्या मोठ्या घड्याळाखाली बॅग घेऊन उभी. हेडकाऊंट: १.

मी देवाचे आभार मानले, बूट घातले आणि तिला व्हिडिओ लावला. "तू चाल, मीही चालतो," म्हटलं. ती कालव्याच्या बाजूने, मी फॉस्टर स्ट्रीटवरून. इथे उन्हं उतरत होती, तिथे नुकतीच वर येत होती. तिने मला तीन मनोरे एका रांगेत दाखवले. मी तिला साड्यांचं दुकान दाखवलं, मिठाईचं दाखवलं, आणि नकळत आमच्या एजन्सीसमोर येऊन उभा राहिलो.

जुलैपासून या फुटपाथवर मी पाय ठेवला नव्हता. क्रीकवर जायचो ते मुद्दाम मागच्या रस्त्याने. काचेवर भाड्याने देण्याची पाटी, आत माझी खुर्ची तशीच, भिंतीवर आयफेल टॉवरचं पोस्टर एका कोपऱ्यातून सुटलेलं. मी फोन तिकडे वळवला.

"पप्पा, आर यू ओके?"

"नाही," मी म्हटलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा म्हटलं. "फार वाईट दिवस गेले गं."

"आय नो," ती म्हणाली. "माझेही." मग म्हणाली, "चला, बाकावर बसू या."

ती तिथे कालव्याकाठी बसली, मी दुकानाबाहेरच्या बस-स्टॉपवर. तासभर. तिच्यासमोरून एक माणूस बदकांना शिव्या देत गेला, त्यावर दोघं पोट धरून हसलो. शेवटी तिने परत मेसेज टाकला. हेडकाऊंट: २.

बुधवार, २४ फेब्रुवारी

मेल पाठवला नाही! ट्रिप काल संपली. आज लिझा लॅबमध्ये गेली, शेवाळ जिवंत आहे म्हणाली. मी स्वयंपाकघरात एकटाच नाचलो. मिल्ड्रेड आली आणि तीही नाचली, चपलांसकट.

कॅलेंडरवर आता लाल चांदणीशेजारी निळीही आहे. पिवळ्या झाकणाच्या रिसायकलिंगच्या बिनसाठी वेगळा रंग केलेला दिसतो. पद्धत चांगली आहे, वार मात्र अजून चुकतात.

शनिवार, २ ऑक्टोबर

काल बातमी आली, नोव्हेंबरपासून देशाबाहेर जाता येणार. आम्ही सहाव्या लॉकडाऊनमध्ये बसून ती ऐकली. आणि आज सकाळी दहाला विश्रामचा फोन. दिलेला शब्द पाळला गड्याने.

"कॉसमस, लोक वेडे झालेत. पण सतरा दिवस, नऊ देश कोणालाच नकोय. इकडून लंडनला, जर्मनीला मुलांकडे जाणार, आणि तिथून तीन-चार दिवस कुठेतरी, स्वस्तात आणि निवांत. असं काही आपल्याकडे नाही. मी घरच्या गॅरेजमधून सुरू करतोय. तू काही करू शकशील?"

मी फाईल मांडीवर घेतली. एकतीस शहरं. प्रत्येकाचं एक पान. कुठल्या वारी काय बंद, कुठे पायऱ्या जास्त, लक्झेंबर्गला ट्राम-बस सगळ्यांना फुकट, कुठल्या गावात पाणी मागितलं तर चेहरा वाकडा करतात. लिझा आणि तिची मंडळी उन्हाळाभर फिरून आली आणि प्रत्येक पान तपासून, दुरुस्त करून परत पाठवलंय.

"विश्राम," मी म्हटलं, "बसून घे."

अर्ध्या तासाने तो म्हणाला, "मेट, हे कधी केलंस तू?" मी म्हटलं, झोपून झोपून कंटाळा आला होता. पुढच्या सोमवारपासून कामावर. पण पहिली दोन तिकिटं आमची, तेही त्याला बजावून ठेवलं.

गेंट, शनिवार, १३ नोव्हेंबर २०२१

ब्रसेल्सच्या विमानतळावर दार सरकलं आणि समोर लिझा. जरा वाळली आहे, पण डोळे लखलखीत. मिल्ड्रेडने बॅग तिथेच टाकली आणि धावली. मी दोन्ही बॅगा सांभाळत मागून पोचलो. लिझाने मला मिठी मारली, मग लांब होऊन बोटाने मोजलं, मोठ्याने, सगळ्या लोकांसमोर. "वन. टू. थ्री." मी तिथेच, बॅगा हातात धरून, रडायला लागलो. चोपन्न माणसं सुखरूप परत आणली असती तरी एवढं रडलो नसतो.

ट्रेनमध्ये तिने एक पान हातात दिलं. 'शहर: गेंट. तीन रात्री. पाहुणे: दोन.' रोज दोन गोष्टी, एक बाक. खाली लिहिलेलं, उद्या रविवार, पाव घेऊन ठेवलाय. प्रबंध मार्चमध्ये देणार आहे. पहिल्या पानावर माझं नाव घालणार म्हणते. शेवाळातलं मला काय कळतं, पण मी नको म्हटलं नाही.

तिच्या खोलीत फ्रिजवर आमच्या चर्चचं कॅलेंडर. मिल्ड्रेडने पोस्टाने पाठवलेलं असणार. त्याच्यामागे गेल्या वर्षीचंही. मी चष्मा लावून पानं उलटली आणि चाट पडलो. त्याच चांदण्या! १२ जुलै, लाल. २० जुलै, अर्धी. इथलंही पेन त्याच दिवशी संपलं? ऑगस्ट भरलेला. फेब्रुवारीत आधी एकही निळी नाही, मग २० तारखेला दोन्ही शेजारी शेजारी. या नोव्हेंबरात तर कालपर्यंत एकही दिवस रिकामा नाही.

"लिझा," मी म्हटलं, "बेल्जियममध्ये कचऱ्याची गाडी रोज येते?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मिल्ड्रेडने तोंडावर हात धरला. लिझा हसली, मग डोळे पुसले, मग ड्रॉवरमधून पेनं काढून आजच्या चौकोनात माझ्याकडे बघून एक लाल चांदणी काढली, स्वतःकडे बोट दाखवून एक निळी.

मी गेल्या वर्षीचं कॅलेंडर पुन्हा काढलं. जुलै पुन्हा एकदा बघितला: १२ ला मी दाढी केली होती, २० ला दिवसभर झोपून रात्री उठलो होतो. रिकाम्या वॉशिंग मशीनचा आवाज आठवला.

मग लिझाच्या हातातलं पेन घेतलं. "आकडा चुकतोय," मी म्हटलं, "आपण तिघं आहोत." आणि मिल्ड्रेडच्या नावाची तिसरी चांदणी मी काढली, दोघींच्यापेक्षा मोठी.